वरून जायचं नाही

जागा बघायला गेले तेव्हा त्यांनी मला आडनाव विचारलं नाही. हे आधीच सांगून टाकते. त्या महिन्यात पुण्यात जिथे जिथे खोली बघितली तिथे बोलणं भाड्यापासून सुरू होऊन आडनावापाशी येऊन थांबायचं, आणि आडनाव ऐकलं की खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली निघायची. आम्ही बौद्ध. या प्रकाराची मला लहानपणापासून सवय होती, पण सवय झाली म्हणून चीड यायची थांबते असं नाही. तीच चीड घेऊन मी कात्रजच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून असलेल्या त्या बैठ्या घराची बेल वाजवली होती. गच्चीवर एक खोली होती, बाहेरून जिना होता.

दार उघडणाऱ्या गृहस्थांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी लोखंडी टेप होती. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पायांकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

"नोकरी कुठे?"

"स्वारगेटच्या पुढे. विमा कंपनीत."

"म्हणजे बस. स्टॉप समोरच्या बाजूला आहे. सकाळी कशा जाल?"

"रस्ता ओलांडून."

"मग जागा मिळणार नाही."

आतून बाईचा आवाज आला, "अहो, तिला आधी बसू तरी द्या. रस्ता कुठे पळून चाललाय."

त्यांनी मला बसू दिलं नाही. चपला तशाच पायात ठेवून ते मला बाहेर घेऊन गेले, फाटकापासून थोड्या अंतरावरचा जिना उतरायला लावला, पिवळट दिव्यांखालून रस्त्याच्या पलीकडे नेलं, वर काढलं, स्टॉप दाखवला आणि त्याच वाटेने परत आणलं. "हा पादचारी भुयारी मार्ग," ते म्हणाले. "सबवे म्हणायचं नाही. आणि वरून जायचं नाही. एवढी एकच अट. भाडंबिडं आमच्या हिच्याशी बोला."

चहा पिताना काकूंनी भाडं सांगितलं. मी घाईने होकार दिला. आपलं आडनाव अजून कुणी विचारलं नाही हे माझ्या लक्षात येऊन गेलं होतं आणि कुणी विचारायच्या आत मला सामान आणायचं होतं. नंतर कळलं, घाईची गरज नव्हती. पहिल्याच रविवारी मी भिंतीवर बुद्धाची तसबीर लावत होते तर काका ओळंबा घेऊन वर आले. कुणाची तसबीर आहे हे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "डावीकडे झुकलीय," म्हणाले, सरळ केली आणि गेले. या माणसाबद्दल मी पुढे काहीही लिहिलं तरी त्याच्या मुळाशी ही तसबीर आहे.

तो भुयारी मार्ग त्यांनीच आखला होता. म्हणजे ते ज्या खाजगी इंजिनिअरांच्या कचेरीत नकाशे काढायचे, तिथे हे काम आलं होतं आणि पहिल्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत नकाशा त्यांच्या हातचा होता. आयुष्यात त्यांनी गोदामं काढली, पाण्याच्या टाक्या काढल्या, एका साखर कारखान्याची चिमणी काढली. त्यांतलं काहीही ते कधी बघायला गेले नाहीत. हा मात्र दाराशी होता. यासाठीच त्यांनी इथे घर घेतलं होतं का, यावर नवराबायकोचं एकमत नव्हतं. काकू म्हणायच्या, "घर मी पसंत केलं, ताई समोर राहते म्हणून. ह्यांना वाटतं भुयारासाठी घेतलं. वाटू दे."

पायऱ्यांवर त्यांचा फार जीव. कुणाच्याही घरी गेले की जिन्यावर बसून टेप काढायचे आणि यजमानांना सांगायचे, "उंची जास्त घेतलीय. म्हातारपणी शिव्या द्याल." एका लग्नात वधूवरांना भेटायला रांग लागलेली, आणि हे व्यासपीठाच्या पायरीपाशी वाकलेले. मागचा माणूस म्हणाला, "आजोबा, काही पडलंय का?" काका म्हणाले, "अजून नाही. पण पडेल कुणीतरी."

निवृत्त झाल्यावर त्यांनी रविवारची फेरी सुरू केली. पुण्यातले भुयारी मार्ग लोकांना चालून दाखवायचे, फुकट. सुरुवातीला दोनतीन निवृत्त मंडळी असत, ती उगाच व्यायाम म्हणून. मग कॉलेजातल्या कुणा पोरीने इंटरनेटवर 'हिडन पुणे' असं काहीतरी नाव देऊन टाकलं आणि गळ्यात कॅमेरे लटकवलेली मुलं यायला लागली. काकांना ते नाव सहन झालं नाही. "लपलंय काय त्यात? दोन्ही तोंडांना पाट्या आहेत. तुम्ही वर बघत चालत नाही त्याला मी काय करू?"

मीही जायचे. सुट्टीच्या दिवशी खोलीत एकटीने बसण्यापेक्षा ते बरं वाटायचं. फेरी मध्यवस्तीतून सुरू व्हायची. एका मार्गात मोबाइलची कव्हरं, कमरेचे पट्टे आणि चष्मे विकणारे बसलेले असत. काका त्यांच्यामधून आम्हाला एका ओळीत न्यायचे आणि म्हणायचे, "हा जिवंत आहे. दुकान आहे तिथे उजेड असतो, उजेड आहे तिथे बायका येतात, बायका आल्या की मार्ग जगतो." दुसऱ्याला कुलूप असायचं. त्या जाळीच्या दारासमोर आम्हाला उभं करून ते आतला काळोख दाखवायचे. किल्ली कुणाकडे असते, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "ते कुलपालाच विचारा. बाकी सगळ्यांना विचारून झालंय." तिसऱ्यात पावसाळ्यानंतरही पाणी असायचं. तिथे विटा टाकलेल्या असत आणि आम्ही विटांवरून तोल सावरत जायचो.

मध्यावर आले की थांबवायचे. "आत्ता आपण रस्त्याच्या बरोबर पोटात आहोत. डोक्यावरून बस चाललीय. इथे निवांत जांभई द्या. आता हीच जांभई वर देऊन दाखवा." मुलं हसायची, खरोखर जांभई द्यायची. एकदा एका कोपऱ्यात एक जोडपं अगदी चिकटून उभं होतं आणि आमची वरात बघून गांगरलं. काका म्हणाले, "असू द्या, असू द्या. वरून तर गेला नाहीत."

वरून जाणाऱ्यांवर मात्र दया नव्हती. फाटकाशी उभे राहून ते गाड्यांमधून धावणाऱ्या माणसाला पलीकडे पोचेपर्यंत बघत आणि तो आपल्या बाजूला आला तर अदबीने विचारत, "घरी सांगून निघाला होतात का?" एकाला म्हणाले, "आपलं नाव आणि कुणाला कळवायचं तेवढं सांगून ठेवत जा. मागाहून धावपळ होते." तो माणूस भांडला. काका शांतपणे ऐकत होते, आणि मला दिसलं की त्यांची नजर त्याच्यामागून जाणाऱ्या गाड्यांवरच होती. त्यांना खरंच भीती वाटायची. बोलणं सगळं कुचकट, पण आत भीती होती, आणि ती त्या परक्या माणसापेक्षा काकूंसाठी जास्त होती.

कारण काकू वरून जायच्या.

ताई म्हणजे काकूंची थोरली बहीण. समोरच्या लिफ्टच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायची, विधवा, मुलगा बंगळुरूला. दोघी बहिणी रोज भेटायच्या. ताईला फोनवर धड ऐकू यायचं नाही, म्हणून त्यांची एक खूण ठरलेली होती. सकाळी अंघोळ झाली की ताई आपल्या यजमानांचा लाल काठाचा पंचा गॅलरीच्या कठड्यावर वाळत घालायची. पंचा दिसला की काकू व्हरांड्यातून म्हणायच्या, "उठली बाई," आणि मग चहाला आधण ठेवायच्या. पंचा दिसण्याआधी त्या घरात चहा होत नसे.

त्या काळात रस्त्याच्या दुभाजकात आमच्या फाटकासमोर एक फट होती. कुणी मुद्दाम ठेवली होती की एखादा दगड निखळून झाली होती, देव जाणे. साऱ्या वस्तीची ये-जा तिच्यातून चालायची. काकूही पदर खोचून तिथूनच जायच्या, हातात वाटी, वाटीवर झाकण. काकांनी या फटीविरुद्ध अर्ज करायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं केले. हेलपाटे घातले, साहेब बदलले की नव्या साहेबांना पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काकू म्हणाल्या, "मी फटीतून जाते हे ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे. म्हणूनच," ते म्हणाले. "एक दिवस पोलीस मला ओळख पटवायला बोलावतील. मी येणार नाही."

शेवटी फट बुजली. वर उंच लोखंडी जाळीही बसली. काकांनी गल्लीत पेढे वाटले. मी त्यांना इतकं आनंदात त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच. ताईला पेढा द्यायला ते स्वतः भुयारातून गेले. ताईने पेढा हातात धरला आणि म्हणाली, "आता हिला पायऱ्या आल्या." काका म्हणाले, "पायऱ्यांनी कुणी मेलं नाही."

काकूंचे गुडघे तेव्हा नुकते बोलायला लागले होते. पुढच्या दोनेक वर्षांत ते पार गेले. चालणं जमायचं, सपाटीवर काठी घेऊन बाजारापर्यंत जायच्या, पण जिना म्हटला की तोंड पांढरं पडायचं. ऑपरेशनला त्यांचं हृदय साथ देणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मग ताईच यायची, भुयारातून, भिंत धरत. ताईही थकली तेव्हा भेटी सणावारावर आल्या. रिक्षाने जायचं तर आधी उलट दिशेने पुलापर्यंत जाऊन, पुलाखालून वळून परत यावं लागायचं, आणि पुलाखाली कायमचा चक्का जाम. रिक्षावाले म्हणायचे, "समोर तर आहे की." बहुतेक दिवशी बहिणी एकमेकींना नुसतं बघायच्या. पंचा सकाळी लागायचा.

आता उताराचं सांगते, कारण सगळं तिथे येऊन थांबतं.

आमच्या भुयारी मार्गाच्या पहिल्या नकाशात पायऱ्यांच्या बाजूने उतार होता. गुळगुळीत, हळूहळू खाली जाणारा, म्हाताऱ्यांसाठी, बाळाच्या गाडीसाठी, कुबड्यांसाठी. काकांनीच काढला होता. मग त्यांच्या मनात आलं की हे पुणं आहे. इथे उतार दिसला की दुचाकीवाला त्यात गाडी घालणारच. सिग्नल चुकवायला तो भुयारातून जाईल, वर हॉर्न देईल, आणि पायी चालणाऱ्याने भिंतीला चिकटून उभं राहायचं. साहेबांच्या बैठकीत त्यांनी उतार काढून टाकायचा आग्रह धरला. कुणीतरी म्हणालं, पायऱ्या न जमणाऱ्यांचं काय? काका म्हणाले, "ज्याला पायऱ्या जमत नाहीत त्याने घरी बसावं." सगळे हसले आणि उतार गेला.

हे मला कुणी गुपित म्हणून सांगितलेलं नाही. काका स्वतः दर रविवारी सांगायचे. फेरीचा शेवट याच मार्गात व्हायचा आणि उतार जिथून खाली आला असता त्या कोऱ्या भिंतीपाशी उभे राहून ते 'घरी बसावं'चं वाक्य साहेबांच्या बैठकीतल्यासारखं टाकायचे, आणि वर म्हणायचे, "उतार मीच कापला. नाहीतर आत्ता तुम्ही इथे चालत नसता, स्कूटरखाली असता." टाळ्या पडायच्या. मीही वाजवल्या आहेत. आणि त्यांचं म्हणणं खोटंही नव्हतं. शहरात दुसरीकडे मी स्वतःच्या डोळ्यांनी उतारावरून मोटारसायकल खाली येताना पाहिली आहे.

काकूंना वाक्य पाठ होतं. लग्नाचं आमंत्रण आलं, कुणी वरच्या मजल्यावर हळदीकुंकवाला बोलावलं, की त्या अगदी गोड आवाजात म्हणायच्या, "मला पायऱ्या जमत नाहीत. मी घरी बसते." काका वर्तमानपत्र वर धरायचे.

त्यांनी काही केलं नाही असं नाही. एका दिवाळीत त्यांनी दोन हमाल आणले, काकूंना खुर्चीत बसवलं आणि भुयारातून नेलं. खाली दिवाळीपुरते बसलेले विक्रेते उठून उभे राहिले, कुणीतरी नमस्कार केला. काकू परत आल्या त्या रडत. "जिवंतपणी असं नेऊ नका," एवढंच म्हणाल्या. पुन्हा त्या खुर्चीत बसल्या नाहीत.

ज्या सकाळी पंचा लागला नाही, तो शनिवार होता. मी खाली पाणी भरायला आले तर काकू व्हरांड्यात उभ्या. चहा झालेला नव्हता. "बघ गं, तुझे डोळे चांगले आहेत. पंचा आहे का?" कठडा रिकामा होता. आम्ही थोडं थांबलो. फोन वाजत राहिला. मग काकांनी खुंटीवरची ताईच्या घराची किल्ली घेतली आणि अनवाणीच निघाले. त्या वयात मी त्यांना पहिल्यांदा पळताना पाहिलं. थोड्याच वेळात ते समोरच्या गॅलरीत दिसले. त्यांनी दोन्ही हातांनी बोलावलं, मग माझा फोन वाजला. काकाच होते. ताई स्वयंपाकघरात पडल्या होत्या, शुद्धीवर होत्या, खालच्या मजल्यावरचे डॉक्टर आले होते, छातीत दुखत होतं. "हिला घेऊन या. लगेच."

रिक्षा मिळाली. काकूंना आत बसवायलाच वेळ गेला. मग आम्ही निघालो, आणि निघालो ते ताईपासून लांब. उजव्या हाताला जाळीच्या पलीकडे ती इमारत होती, गॅलरी होती, गॅलरीत आता कुणी नव्हतं, आणि ते सगळं मागे सरकत चाललं होतं. पुलाखाली नेहमीसारखंच झालं होतं. गाड्या एकमेकींत अडकून उभ्या. काकूंनी रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला.

"थांबवा. मागे घ्या. तिथे फट होती, मी तिथून जाते."

"आजी, ती लई दिवसांपूर्वी बंद झाली," रिक्षावाला म्हणाला. बाहेरच्या गावचा असावा, बोलायला मोकळा. "कुणी म्हातारा मागं लागला व्हता म्हणं. अर्ज करून करून बंद केली त्यानं. लोकांचे हाल केले नुसते."

"हो," काकू म्हणाल्या. "आमचेच ते."

रिक्षावाला आरशात बघत राहिला. त्यानंतर तो आडवा-तिडवा घुसला, फूटपाथवर चाक चढवलं, शिव्या खाल्ल्या. त्याने शक्य ते सगळं केलं. आम्ही लिफ्टने वर गेलो तेव्हा दार सताड उघडं होतं आणि काका जमिनीवर मांडी घालून बसलेले होते. ताईचा हात त्यांच्या हातात होता. डॉक्टर उभे होते. बघताक्षणी कळलं.

काकू भिंतीला टेकल्या. त्यांनी विचारलं, "काही बोलली?"

दुसरा कुणीही माणूस त्या क्षणी खोटं बोलला असता. शांत गेल्या, झोपेत गेल्यासारख्या, तुझी आठवण काढली, असं काहीतरी. काकांनी जन्मात कधी चुकीचं माप सांगितलेलं नव्हतं. ते म्हणाले, "आली का, म्हणून विचारत होत्या. शेवटपर्यंत तेच. मी येते आहे म्हणालो."

त्यांना तेव्हा गप्प बसवायला हवं होतं असं मला आजही वाटतं. पण बसवणार कोण?

त्यानंतर त्या घरात भांडण झालं नाही. काकू त्यांच्याशी बोलायच्या. गोळी घेतली का, भाजी काय आणू, दूधवाल्याने आज पातळ दिलं. फक्त त्यांनी आपली वेताची खुर्ची व्हरांड्यातून उचलून मागच्या अंगणात नेली आणि व्हरांड्यात पाऊल टाकणं बंद केलं. कुणी आलं तरी मागच्या दाराने या म्हणायच्या. चहाला आधण ठेवायची त्यांची वेळ चुकायला लागली. कधी फार लवकर, कधी उन्हं वर आल्यावर.

काका बदलले ते फेरीत. ताई गेल्यानंतरच्या पहिल्या फेरीला आम्ही बरेचजण होतो, नवी मुलं होती. सगळे मार्ग झाले, जांभई झाली, हशा झाला, आणि आम्ही आमच्या मार्गातल्या त्या कोऱ्या भिंतीपाशी आलो. काकांनी भिंतीवर हात ठेवला. "इथे उतार हवा होता," ते म्हणाले.

एका मुलीने विचारलं, "मग का नाही केला? हू डिसायडेड दॅट?"

"मी," काका म्हणाले आणि पुढे चालायला लागले. टाळ्या वगैरे काही नाही. ती मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

मग त्यांनी अर्ज करायला पुन्हा सुरुवात केली. यावेळी फट परत उघडा म्हणून. सिग्नल बसवा, पट्टे मारा, वरून जाऊ द्या. वरून! मी एकदा त्यांच्यासोबत कचेरीत गेले होते. टेबलापलीकडचा तरुण साहेब सज्जन होता. त्याने आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि जुनी फाइल मागवली. ती इतकी जाड होती की शिपायाने दोन्ही हातांनी आणली.

"काका, ही सगळी पत्रं तुमचीच आहेत," तो म्हणाला. "ती फट का धोक्याची आहे हे इतकं पटवून कुणीच लिहिलेलं नाही. आता मी ती उघडा म्हणून वर कळवलं तर ते मला हीच पत्रं दाखवतील."

"बरोबर लिहिलं होतं मी," काका म्हणाले.

"मग?"

काकांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला आणि ते उठले. त्यांचं लिहिणं बरोबरच होतं. उताराचं बोलणंही बरोबर होतं. बाहेर पडल्यावर ते कचेरीच्या पायरीवर बसले, सवयीने टेप काढली, पायरीला लावली, आणि आकडा न बघताच मिटून खिशात ठेवली. मला त्या दिवशी त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी रिक्षातल्या काकू आठवत होत्या. कुणाची बाजू घ्यायची हे मला तेव्हा कळलं नाही, आत्ताही कळत नाही.

लग्न झालं आणि मी वाघोलीला राहायला गेले. वाघोलीहून कात्रज म्हणजे परगावच. फोन व्हायचे, येते येते म्हणायचे. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी गेलेच, आधी फेरीला आणि मग घरी असं ठरवून.

फेरीला आम्ही चौघंच होतो. विनोद उरले नव्हते. जांभईचा प्रकार त्यांनी केला नाही. गुडघ्यावर हात दाबत एकेक पायरी उतरत होते, आणि मी दंड धरायला पुढे झाले तर म्हणाले, "असू द्या. हे मीच काढलंय." आमच्या मार्गात ते भिंतीपाशी थांबलेसुद्धा नाहीत. पलीकडे वर आल्यावर बाकीच्यांना त्यांनी नमस्कार केला, ती मंडळी स्टॉपकडे गेली. मी घरी येणार म्हणून थांबले.

काकांनी पिशवीतून एक ओला पंचा काढला. लाल काठाचा. ताईच्या इमारतीच्या खाली फूटपाथला कठडा आहे, त्यावर तो नीट पसरला, टोकं ओढून सुरकुती काढली. वरच्या गॅलरीत आता कुणा आयटीवाल्या मुलांच्या जीन्स वाळत होत्या. काका रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. जाळीपलीकडे, गाड्यांच्या पलीकडे, आमचा व्हरांडा दिसत होता. दार बंद होतं.

"ही मुलं वर लावू देत नाहीत," ते म्हणाले. "त्यांचंही बरोबर आहे. खालूनही दिसतं पण. मी तिथून बघून घेतलंय."

"काकू बघतात?"

"अजून नाही."

"रोज लावता?"

"अंघोळ झाली की."

आम्ही उभे राहिलो. बसेस गेल्या, एक टेम्पो बराच वेळ मध्ये उभा राहिला. मग त्यांनी पंचा काढून घडी केली आणि पिशवीत घातला. ठेवला तर चोरीला जातो, म्हणाले. परत जिना उतरायला त्यांना वेळ लागणार होता. "तुम्ही व्हा पुढे, ती वाट बघत असेल," असं म्हणून त्यांनी मला पाठवलं.

काकू मागच्या अंगणात वेताच्या खुर्चीत मेथी निवडत होत्या. माझ्या तोंडावरून हात फिरवला, बारीक झालीस म्हणाल्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि थोडी मेथी पुढ्यात ओढली.

"लावला असेल ना आजही?" त्यांनीच विचारलं.

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"घरातला पंचा रोज सकाळी ओला करून पिशवीत घालून नेतात, मला कळणार नाही?"

"मग एकदा जाऊन बघा ना काकू. दारातून नुसतं. फार थकलेत ते."

त्यांनी मेथीची काडी मोडली, पानं वेगळी केली. रागावल्या नव्हत्या. "थकलेत. दिसतं मला. पण मी एकदा बघितलं ना, की त्यांना वाटेल झालं, मिटलं. तसं काही मिटलेलं नाही गं. ती आली का म्हणून विचारत होती."

मागचं फाटक वाजलं. काका आले, धापा टाकत. आमच्याकडे न बघता त्यांनी पिशवीतून पंचा काढला, पुन्हा झटकला आणि अंगणातल्या दोरीवर घातला. काकूंनी मेथीचं ताट खाली ठेवलं, काठी टेकली आणि त्या खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"चहा टाकू?" काकांनी विचारलं.

"टाका," काकू म्हणाल्या.